यादीतलं लाल नाव

हेमांगी भारंबे शिकवायची भौतिकशास्त्र, पण कॉलेजात तिची ओळख होती ‘कॉम्प्युटरवाल्या मॅडम’ हीच. नरडाण्याच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या त्या अनुदानित कॉलेजात तिला बारा वर्षं झाली होती. नवरा दीपक नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर. दोघं धुळ्यात राहत आणि सकाळी एकाच मोटारसायकलवर निघत. तो तिला कॉलेजच्या फाटकाशी उतरवायचा आणि पुढे जायचा. फाटकापासून स्टाफरूमपर्यंत चालतानाच तिचा फोन तीनदा वाजलेला असायचा. कोणाचा पासवर्ड हरवलेला, कोणाचा पगाराचा फॉर्म अडकलेला, कोणाच्या प्रबंधाची फाइल उघडत नाही.

ती मूळची फैजपूरजवळच्या खेड्यातली, रुपचंद मास्तरांची मुलगी. जळगावला एम.एस्सी. करताना सगळ्या विभागात मिळून दोन कॉम्प्युटर होते, आणि ते मुलांच्या ताब्यात. हेमांगी सकाळी साडेसातला, झाडूवालीच्या मागोमाग आत शिरायची आणि वर्ग भरेपर्यंत एकटी खटपट करत बसायची. कोणी हाताला धरून शिकवलं नाही. चुका करत, मशीन बंद पाडत, पुन्हा चालू करत ती शिकली. त्याचा तिला अभिमान होता, आणि त्या अभिमानातून एक मत तयार झालं होतं. मला कोणी न शिकवता आलं, मग ज्याला येत नाही त्याला शिकायचंच नाही.

कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती येणार हे ठरलं तेव्हा प्राचार्य प्रेमराज देवरे यांनी गुणवत्ता कक्षाचं काम तिच्या गळ्यात घातलं. “मॅडम, तुमच्याशिवाय हे कोणाच्या बापाला जमणार नाही,” असं ते भर सभेत म्हणाले. तिलाही ते खरं वाटलं. त्याच सुमारास संस्थेने एक नवं ॲप आणलं. हजेरी, पाठ-नियोजन, तासांची नोंद, सगळं प्राध्यापकांनी रोज त्यात भरायचं. उघडताना दर वेळी मोबाइलवर सहा आकड्यांचा ओटीपी यायचा, आणि तो एका मिनिटात टाकला नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिले दोन आठवडे कोणी काही भरलं नाही. प्राचार्य रोज विचारायचे, ती रोज सगळ्यांना आठवण करायची. शेवटी तिने एक यादी केली. ज्याचं काम पूर्ण त्याचं नाव हिरवं, अर्धवट त्याचं पिवळं, काहीच नाही त्याचं लाल. शनिवारी दुपारी एक वाजता ती यादी तिने स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली.

सोमवारी सकाळी लोक धावतपळत तिच्या टेबलापाशी आले. पन्नाशीतले, एरवी तिला ‘पोरी’ म्हणणारे प्राध्यापक हातात फोन धरून रांगेत उभे राहिले. चार आठवड्यांत यादी जवळजवळ हिरवी झाली. प्राचार्य खूश होते. आणि खरं सांगायचं तर हेमांगीलाही शनिवारचा एक वाजण्याची वाट पाहायची सवय लागली होती. एक बटण दाबलं की चौतीस माणसं धावत सुटतात, हे तिला कळलं होतं, आणि ते तिला अगदीच नावडतं होतं असंही नाही.

लाल राहिलं ते एकच नाव. नासीर मन्यार, वनस्पतिशास्त्र.

मन्यार सर फैजपूरचे. घरचं बांगड्यांचं दुकान भावाकडे सोडून ते शिक्षणात आले आणि सत्तावीस वर्षं याच कॉलेजात राहिले. उंच, सावळे, कमी बोलणारे. रंगीत खडूंनी फळ्यावर फुलाचा उभा छेद काढायचे तेव्हा शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी येऊन उभी राहायची, असं जुने लोक सांगत. अलीकडे मात्र मुलांची तक्रार असायची की सरांचं फळ्यावरचं अक्षर फार बारीक असतं, मागे दिसत नाही. हा अभिप्रायसुद्धा हेमांगीनेच मुलांच्या फॉर्ममधून गोळा करून तक्त्यात भरला होता.

त्यांना तिने दोनदा सांगून पाहिलं. ते “हो मॅडम, करतो” म्हणायचे आणि करायचे नाहीत. तिसऱ्यांदा तिने पाठ-नियोजन कागदावर मागितलं तर त्यांनी पूर्ण वर्षाचं, नीट आखलेलं, वहीत लिहून दिलं. पण वही ॲपमध्ये जात नव्हती.

मग श्रावणातल्या एका दुपारी तिने कॉम्प्युटर कक्षात प्रशिक्षण ठेवलं. सगळा स्टाफ बसला होता. ज्याची पाळी असेल त्याचा फोन मागच्या पडद्यावर मोठा दिसेल अशी व्यवस्था तिने केली होती. दोघा-तिघांनी करून दाखवल्यावर ती म्हणाली, “मन्यार सर, आता तुम्ही या. आज तुमचं नाव हिरवं करूनच सोडायचं.”

हशा पिकला. सर उठले, पुढे आले. फोन टेबलावर ठेवून त्यावर वाकले. ओटीपी आला. त्यांनी पहिला आकडा दाबला, दुसरा चुकीचा पडला. खोडायला गेले तर दोन्ही गेले. पडद्यावर सगळ्यांना ते दिसत होतं. मिनिट संपलं. पुन्हा ओटीपी. या वेळी चार आकडे झाले आणि पाचवा दोनदा पडला. कोणीतरी मागून म्हणालं, “सर, ते फूल नाहीये, पाकळ्या मोजू नका.” पुन्हा हशा. तिसऱ्यांदाही मिनिट संपलं.

हेमांगीला उशीर होत होता. प्राचार्यांकडे अहवाल द्यायचा होता. ती म्हणाली, “सर, पहिलीतलं पोरगंसुद्धा एवढ्या वेळात करतं हो.”

बोलताना ती त्यांच्या शेजारीच उभी होती. त्यांचा अंगठा काचेवर टेकण्याआधी थरथरत होता, हे तिला दिसलं. चारचौघांत घाबरलेत, असं तिला वाटलं.

मन्यार सरांनी फोन उचलला, खिशात ठेवला. “माझ्यामुळे सगळ्यांचा वेळ जातोय, मॅडम,” एवढंच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. प्रशिक्षण संपेपर्यंत ते बसून होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

त्यानंतर ते स्टाफरूममध्ये येईनासे झाले. तास झाला की प्रयोगशाळेत जायचे, डबा तिथेच खायचे. याद्या शनिवारी येतच राहिल्या. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. सेवेची चार वर्षं अजून बाकी होती. प्राचार्यांनी कारण विचारलं तर “घरगुती” म्हणाले. नोटिशीचा काळ त्यांनी एकही रजा न घेता पूर्ण केला आणि जानेवारीच्या शेवटी गेले. समितीच्या तयारीत कॉलेज इतकं बुडालं होतं की निरोपाचा समारंभ राहूनच गेला. “समिती जाऊ द्या, मग एकदमच करू,” असं ठरलं. मग ते कोणी पुन्हा काढलं नाही.

त्या शनिवारी हेमांगीने ग्रुपमधून त्यांचा नंबर काढला, यादीतून नाव पुसलं. यादी पहिल्यांदा पूर्ण हिरवी दिसली. तिने ती टाकली तेव्हा खाली एकवीस अंगठे उमटले.

समिती आली, हिंडली, जेवली, गेली. श्रेणी चांगली मिळाली. हेमांगीला शाल आणि श्रीफळ देऊन प्राचार्यांनी सत्कार केला. तिची आई असती तर किती हरखली असती, असं दीपक म्हणाला.

पुढे जूनमध्ये नवीन वर्षाची मांडामांड सुरू असताना शिपाई निंबा तिला वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या द्यायला आला. तो जवळच्याच गावचा, साठीला टेकलेला. किल्ल्या दिल्या तरी तो तिथेच घुटमळला.

“मॅडम, एक सांगू का? राग नका धरज्यात.”

“सांग ना.”

“मन्यार सरना हात कापे. दोन वरीस व्हयनात. मी त्यासले चहा अर्धा कपच देऊ, नहीतर सांडे. कोनले सांगू नको म्हनेत.” तो दाराकडे पाहत बोलत होता. “धुयाना डाक्टरकडे जायेत. त्या कंपवात म्हंतस ना, ते शे त्यासले. तुमनी यादी ये ना, तो दिन सर डबाच उघडेत नहीत.”

 निंबा गेला. ती किल्ल्यांचा जुडगा धरून बसली. बारीक होत गेलेलं अक्षर. मांड्यांखाली दाबलेले हात. काचेवरचा अंगठा.

घरी गेल्यावर तिने दीपकला सांगितलं. तो म्हणाला, “तुला कुठे माहीत होतं? माहीत नसताना झालेली गोष्ट मनाला का लावून घेतेस?”

“माहीत नव्हतं,” ती म्हणाली, “पण दिसत होतं.”

 त्या दिवसापासून तिचं काहीतरी बिनसलं. तिने यादी बनवणं बंद केलं. ज्याचं राहिलं असेल त्याच्या टेबलाशी जाऊन बसायची. त्यात तिचे आणखी दोन तास जायचे. किती वेळा फोन हातात घेऊन तिने मन्यार सरांचा नंबर काढला आणि ठेवून दिला. काय बोलणार? आजारी आहात हे आता कळलं म्हणून वाईट वाटतंय? म्हणजे आजारी नसते, नुसतंच येत नसतं, तर ते बोलणं चाललं असतं का? हा प्रश्न तिला सगळ्यात जास्त टोचायचा. कारण त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं.

दिवाळीला ती माहेरी गेली. रुपचंद मास्तर आता एकटेच होते. ओट्यावर बसून तिने वडिलांना सगळं सांगितलं, काही न वगळता. पडद्यावरचा फोन, पहिलीतलं पोरगं, सगळं. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

“नाना, मी जाऊ का त्यांच्याकडे? ते आता फैजपूरलाच परत आलेत, इथनं जवळच आहे.”

“माफी मांगाले जायाचं त जाय,” ते म्हणाले. “पन सोताले हलकं कराले नको जाऊ. तसं असलं त घरीच बस.”

ती दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली.

फैजपूरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत घर सापडलं. दार मन्यार सरांच्या पत्नीने, मुमताजभाभींनी उघडलं. हेमांगीने नाव सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला.

“तुम्ही होय त्या हेमांगी मॅडम,” त्या म्हणाल्या. दारातून बाजूला व्हायला त्यांना क्षणभर लागला. “या. बसा.”

सर आतल्या अंगणात खुर्चीवर बसले होते. वर्षभरातच ते खूप थकले होते. चेहरा स्थिर होता. आनंद की राग, काही कळत नव्हतं. उजवा हात मांडीवर आपल्या आपण हलत होता आणि आता तो लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती.

हेमांगी बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, “सर, त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले. ते चुकीचं होतं. तुमची तब्येत तशी होती म्हणून नव्हे. तब्येत ठणठणीत असती तरी चुकीचंच होतं.”

सरांनी मान हलवली. आवाज इतका हळू होता की तिला पुढे वाकावं लागलं. “मी सांगायला हवं होतं, मॅडम.”

“का सांगायला हवं होतं?” मुमताजभाभी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “डॉक्टरचा कागद दाखवल्यावर माणसाशी माणसासारखं वागणार का? हे रोज घरी येऊन अंगठा काचेवर मारायचे. अर्धा अर्धा तास. लहान मुलासारखे. मी म्हणायची, द्या, मी दाबते. तर म्हणायचे, कॉलेजात तू कुठे येणार आहेस?”

“मुमताज,” सर म्हणाले.

“नाही, बोलू द्या मला. आता आल्यात तर ऐकू देत.” पण एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

सर मग एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “बोलण्याचं मी विसरलो असतो. शिक्षक आहे, मीही पोरांना कमी बोललो नाही. पण सत्तावीस वर्षं. गेल्यावर एकाचाही फोन आला नाही. मी रिटायर झालो त्या शनिवारी ग्रुप उघडला तर लिहिलेलं, तुम्हाला काढण्यात आलंय. खाली तुमचं नाव. मला वाटलं होतं, सोमवारपर्यंत तरी ठेवतील.”

हेमांगीला तो शनिवार नीट आठवत होता. तिने मान खाली घातली.

भाभींनी चहा आणला. सरांचा कप अर्धा होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला. पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, “माझं हर्बेरियम कसं आहे?”

वाळवून, दाबून, जाड कागदांवर शिवलेल्या वनस्पतींचे ते नमुने. साक्रीकडच्या डोंगरांतून, सातपुड्यातून सरांनी पोरांना घेऊन वर्षानुवर्षं गोळा केलेले. चारशेच्या वर कागद, प्रयोगशाळेच्या कपाटांत रचलेले. हेमांगीला खोटं बोलणं सोपं होतं. छान आहे म्हटलं असतं तर ते समाधानाने मागे टेकले असते. त्यांना कोण सांगायला जाणार होतं?

“सर, ती कपाटं आम्ही हलवली,” ती म्हणाली. “समितीला दाखवायला गुणवत्ता कक्षाची खोली पाहिजे होती. मीच सांगितलं. ती मागच्या गोदामात आहेत. त्यानंतर मी बघितलेलं नाही.”

सरांचा चेहरा होता तसाच राहिला. पण हाताची थरथर वाढली. भाभींनी येऊन तो हात आपल्या हातात धरला.

“डांबरगोळ्या बदलल्या नसतील,” ते बऱ्याच वेळाने म्हणाले. “दर सहा महिन्यांनी बदलाव्या लागतात. गोदाम ओलं आहे.” आणि मग, “या तुम्ही आता, मॅडम.”

ती निघाली. दारापर्यंत कोणी आलं नाही.

सुट्टी संपायची वाट न बघता ती धुळ्याला परतली आणि निंबाला बोलावून गोदाम उघडलं. मोडक्या बाकांमागे कपाटं होती. दोन कपाटांत ओल शिरली होती. कागद एकमेकांना चिकटले होते, पानांची चाळण झाली होती, हात लावला की भुगा पडत होता. निंबाने ओला पापड उचलावा तसा एकेक कागद दोन्ही तळव्यांवर उचलून उन्हात ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत दोघं तेच करत होते. चारशे बारांपैकी दोनशे सत्त्याऐंशी कागद वाचवण्यासारखे निघाले. बाकीचे गेले. ते आता कोणी परत आणू शकणार नव्हतं. त्यातली काही झाडं ज्या टेकड्यांवरची होती त्या टेकड्याही आता तशा राहिल्या नव्हत्या.

तिने सरांना फोन लावला. भाभींनी उचलला. हेमांगीने आकडा सांगितला. पलीकडे भाभींनी तो सरांना सांगितलेला तिला ऐकू आला. मग भाभी म्हणाल्या, “ते विचारतात, अंजनाच्या झाडाचा कागद आहे का? पहिल्या वर्षीचा?”

“आहे,” हेमांगी म्हणाली. “त्याचं एक पान तुटलंय. बाकी आहे.”

त्यानंतर कामाला सुरुवात झाली. गोदामातली कपाटं पुन्हा प्रयोगशाळेत आणायला प्राचार्य तयार नव्हते. हेमांगीने गुणवत्ता कक्षाची खोली रिकामी करून कपाटं तिथे आणली आणि त्याबरोबर समन्वयक पदाचा राजीनामाही दिला. प्राचार्य रागावले. “आता सगळं रुळावर आलं आणि तुम्ही पानं वाळवत बसणार?” ते पद पाटील नावाच्या एका नव्या, तरुण प्राध्यापकाला मिळालं. त्याने महिनाभरात यादी पुन्हा सुरू केली, तेच तीन रंग. हेमांगी त्याला भेटून सगळं बोलली. त्याने आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, पण त्याशिवाय लोक कामच करत नाहीत.”  तिचंही हेच म्हणणं होतं, फार जुनी गोष्ट नाही.

ती प्रत्येक नमुन्याचा स्वच्छ फोटो काढायची, कॉम्प्युटरवर नोंद करायची. बऱ्याच चिठ्ठ्यांवरचं अक्षर पुसलं होतं किंवा कसरीने खाल्लं होतं. फोटो फैजपूरला पाठवायची आणि रविवारी अकरा वाजता फोन करायची. पहिले काही रविवार भाभी कोरडेपणाने बोलल्या. “पाठवा. बघतील ते.” सरांना फोनवर बोट फिरवता येत नव्हतं, म्हणून भाभी फोटो मोठा करून त्यांच्यासमोर धरायच्या. सरांचा आवाज पुढे पुढे इतका खोल गेला की फोनवर ऐकूच यायचा नाही. मग भाभी त्यांच्या तोंडाशी कान नेऊन ऐकायच्या आणि मोठ्याने सांगायच्या. झाडाचं शास्त्रीय नाव त्यांच्या जिभेवर अडखळायचं. त्या एकेक अक्षर सांगायच्या, हेमांगी लिहून घ्यायची. शेवटी जागा आणि वर्ष. साक्रीजवळचा डोंगर, नाल्याची डावी बाजू, सोबत कोण विद्यार्थी होते, कोणाला विंचू चावला होता.

माफ केलं असं सर कधी म्हणाले नाहीत. हेमांगीनेही पुन्हा विचारलं नाही. वर्ष असं गेलं.

एका रविवारी दोनशे सोळा नंबरच्या कागदावर अडलं. वेल होती, फूल गळून गेलेलं, चिठ्ठी नाही. सरांनी बराच वेळ पाहिलं.  भाभी म्हणाल्या, “त्यांना आठवत नाहीये. डोळ्यांत पाणी आलंय. रोज थोडं थोडं जातंय बघा डोक्यातलं.”

“राहू द्या, भाभी. आजचं राहू द्या.”

पलीकडे कुजबुज झाली.

“ते म्हणतात, नाव माहीत नाही असंच लिहा. खोटं नाव देऊ नका,” भाभींनी सांगितलं. मग थोडं थांबून, पहिल्यांदाच मॅडम न म्हणता, त्या म्हणाल्या, “हेमांगी, पुढच्या रविवारी जरा उशिरा कर फोन. सकाळी त्यांना आंघोळ घालायला आता वेळ लागतो.”

“बारा वाजता करते,” हेमांगी म्हणाली, आणि दोनशे सोळासमोर तिने लिहिलं, नाव माहीत नाही.